कीबोर्डचा सीमाप्रश्न

बेळगावच्या सीमाभागात साहित्य संमेलनांचा दुष्काळ कधी पडत नाही. कडोली, उचगाव, कुद्रेमनी, येळ्ळूर, सांबरा, तिकडं निपाणीजवळ कारदगा; एकेका गावाचा मांडव उभा राहतो. ग्रंथदिंडी निघते, लेझीम होतं, शाळेच्या पोरी डोक्यावर कलश घेऊन उन्हात ताटकळतात, पाहुणे यायला तासभर उशीर करतात. मग अध्यक्ष उठून सांगतात की खरी मराठी पुण्या-मुंबईत उरलेली नाही, ती इथं आहे. आम्ही टाळ्या वाजवतो. अध्यक्ष खऱ्या मराठीला नमस्कार करून संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला परततात.

अलीकडे या भाषणात एक नवं कलम आलंय : तरुणांनी ब्लॉग लिहावा. तरुण तोवर मांडवाबाहेर रील काढत असतात, त्यामुळे हा उपदेश येऊन पडतो तो पहिल्या रांगेतल्या निवृत्त गुरुजींवर. गुरुजी मंडळी आज्ञाधारक. कडोलीतल्या दोन-चार जणांनी ऑनलाइन ब्लॉगलेखनाच्या कोर्सचे पैसे भरूनही टाकले. पहिला धडा आहे, 'तुमचा संगणक आणि तुमची वेबवरची जागा तयार करा.' दुसरा धडा लेखनाचा आहे म्हणतात. तिथवर अजून कोणी पोचलेलं नाही.

त्यांतल्या एका गुरुजींनी संगणक सुरू केला की पहिल्याच पडद्यावर तो विचारतो, तुम्ही कुठले? आता हा प्रश्न कडोलीत विचारायचा असतो का? सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगानं 1967 साली बेळगाव म्हैसूर (आताच्या कर्नाटक) राज्याकडेच ठेवायला सांगितलं, महाराष्ट्रानं तो अहवाल मानला नाही, 2004 पासून दावा सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. या भानगडीची काडीइतकी दखल न घेता यंत्र यादी पुढं सरकवतं. गुरुजी 'भारत' निवडून सुटका करून घेतात. पुढं वेळेचा पट्टा निवडायचा असतो, आणि तिथं मात्र त्यांचा चेहरा उजळतो. एकाच ओळीत लिहिलेलं असतं : चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली.

"1956 पासून मागायलोय ते इथं फुकट मिळालं की!" गुरुजी म्हणतात. "आपण आणि मुंबई एकाच पट्ट्यात. खरं घड्याळापुरतंच."

पासवर्डाचं प्रकरण थोडक्यात सांगतो. त्यात जिल्ह्याच्या गावाचं नाव घालावं असं गुरुजींच्या मनात आलं. बेळगाव घालावं तर 1 नोव्हेंबर 2014 पासून ते बेळगावी झालंय. बेळगावी घालावं तर स्वाभिमान आडवा येतो. शेवटी नातवाच्या नावावर तडजोड झाली. यंत्रानं ती 'कमकुवत' ठरवली.

वेबवरची जागा हा खरा शेतकरी विषय. शिकवणारी मुलगी पुण्याहून समजावत होती की नाव वेगळं घ्यायचं, जागा वेगळी घ्यायची, आणि दोन्हीचे पैसे दरवर्षी भरायचे.

"म्हणजे खंडानं?" गुरुजींनी विचारलं.

"काका, तिथं 'विकत घ्या' असं लिहिलंय ना."

"लिहिलंय खरं, पण वर्षाचे पैसे थकले की जमीन दुसऱ्याला. आमच्यात त्याला विकत म्हणत नाहीत, बाई. बरं, उतारा कुठं मिळतो?"

मुलगीच गप्प झाली. उताऱ्यावर नाव बघितल्याशिवाय कडोलीचा माणूस जमिनीत पाऊल टाकत नाही, हे तिच्या अभ्यासक्रमात नव्हतं. ब्लॉगस्पॉटसारखी फुकटची जागाही मिळते, असं तिनं हळूच सांगितलं. ते ऐकून गुरुजींचा संशय आणखी वाढला. फुकट जमीन देणारा उद्या काय मागेल?

मग कोणीतरी माहिती आणली की 2014 पासून '.भारत' या शेपटीचं देवनागरी नावसुद्धा घेता येतं. आनंदीआनंद! कडोलीचा ब्लॉग, मराठी नाव, मराठी लिपी. कोणाच्या बापाची परवानगी नको. पण हे नाव आतल्या यंत्रणेत जातं तेव्हा त्याचं रूपांतर 'एक्स एन' आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या इंग्रजी अक्षर-आकड्यांच्या गोळ्यात होतं, आणि मित्राला दुवा पाठवला तर पुष्कळदा तोच गोळा पोचतो. पुण्यातल्या लोकांना याचा धक्का बसतो म्हणे. आम्हाला नाही बसला. अर्ज मराठीत बोलायचा, नोंद दुसऱ्याच लिपीत व्हायची, आणि घरी येऊन ती कोणाकडून तरी वाचून घ्यायची, हे आमच्याकडे तलाठ्याच्या दारात जन्मभर चाललेलं आहे. जमिनीचा उतारा इथं कन्नडमध्येच निघतो.

जागा मिळाली म्हटल्यावर गावाच्या रिवाजाप्रमाणे आधी समिती झाली. ब्लॉगला अध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि सल्लागार मंडळ. लेखक नेमायचा राहिला. तो पुढच्या बैठकीचा विषय. वरच्या पट्टीवर शाल-श्रीफळ घेतानाचा फोटो कोणाचा लावायचा यावर दोन गट पडले, आणि 'परिचय' हे पान पुरस्कारांच्या यादीनं इतकं लांबलं की ते मोबाइलवर सरकवताना अंगठा दुखतो. बाकीची पानं कोरी आहेत.

इथवर हसून सोडून देता येतं. पुढचं सोडवत नाही.

सगळी तयारी झाल्यावर गुरुजींनी पहिलं वाक्य टाइप केलं, ते इंग्रजी अक्षरांत. मराठी कीबोर्ड सुरूच केलेला नव्हता. आणि हे एकट्या गुरुजींचं नाही. मराठी अस्मितेचा जो व्हॉट्सॲप ग्रुप आहे, ज्यावर मराठीत कागदपत्रं मिळावीत म्हणून मोर्चाची हाक येते, ती हाकही कितीदा इंग्रजी अक्षरांतच येते. इंग्रजी अक्षरांना 'ळ' माहीत नाही. त्यामुळे 1 नोव्हेंबरला सीमाभाग निषेधाचा जो काळा दिन पाळतो, त्याचं निमंत्रण असं उमटतं की ते 'कला दिन' असंही वाचता येतं. एखादा पाहुणा चित्रांचं प्रदर्शन कुठं आहे असं विचारत आला तर त्याचं काय चुकलं?

2014 च्या जुलैत प्रशासनानं येळ्ळूरचा 'महाराष्ट्र राज्य' फलक हटवला, तेव्हा गावानं पोलिसांच्या काठ्या अंगावर घेतल्या. तीन-चार मराठी शब्दांसाठी. कर्नाटक सरकार आम्हाला मराठी देत नाही ही तक्रार खरीच आहे, आणि ती मीही करतो. पण घरातल्या संगणकावर, खिशातल्या फोनवर मराठी लिहायला कोणत्या सरकारनं बंदी घातली? तिथं पोलीस नाही, जिल्हाधिकारी नाही, कन्नड संघटना नाही. संगणकाच्या सेटिंगमध्ये जायचं, 'वेळ आणि भाषा' उघडायचं, 'भाषा जोडा' म्हणायचं, मराठी निवडायचं. विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट मांडणीचा कीबोर्डही आहे आणि उच्चारानुसार टाइप करायचा फोनेटिक कीबोर्डही आहे. चहा निवायच्या आत होणारं काम आहे. मोर्चाला त्याहून जास्त वेळ लागतो. पण मोर्चात फोटो निघतो.

गंमत म्हणजे इनस्क्रिप्ट बहुतेक भारतीय लिप्यांना सामायिक आहे. 1991 च्या भारतीय मानकात ती मांडणी दिलेली आहे. ज्या बटणावर मराठी 'क', त्याच बटणावर कन्नड 'क'. कडोलीच्या पोरानं एकदा मराठीत बोटं बसवली की बेळगावच्या कन्नड पोराला तो टायपिंग शिकवू शकतो. सीमाप्रश्नातला इतका स्वस्त समझोता कुठल्याच आयोगाला सुचला नाही. म्हणूनच बहुधा तो कोणाला नको आहे.

आणि स्मरणिका! संमेलनांच्या इतक्या वर्षांच्या स्मरणिकांत चांगलं लेखन आहे. इथल्या पेरणीवर, जात्यावरच्या ओव्यांवर, रताळ्याच्या शेतीवर. पण त्यातलं बरंचसं छापखान्यातल्या जुन्या फाँटात जुळवलेलं. फाइल आजच्या संगणकावर उघडली की 'कडोली'च्या जागी डॉलरची खूण, एक कंस, दोन टक्के आणि उलटा स्वल्पविराम दिसतो. युनिकोड या सगळ्या यंत्रांच्या सामायिक संकेतप्रणालीत नसलेला मजकूर शोधयंत्राला सापडत नाही, म्हणजे जगाच्या लेखी तो लिहिलाच गेला नाही. अशा फाँटाचा मजकूर युनिकोडात बदलणारी साधनं आहेत. नंतर बसून चुका सुधाराव्या लागतात, एवढंच. ते काम कोणत्याही समितीत नाही, कारण त्या पदाला बिल्ला नाही. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आम्ही पेढे वाटले. पेढ्यांचे फोटो मात्र सगळीकडे सापडतात.

तेव्हा संमेलनवाल्यांनो, एवढं करा. पुढच्या संमेलनात एक सत्र कमी ठेवा. परिसंवादाचं कमी केलंत तर कोणाला कळणारही नाही. त्या तासात शाळेतल्या पोरांना बोलावून पहिल्या रांगेतल्या प्रत्येकाच्या फोनवर मराठी कीबोर्ड बसवून घ्या, अध्यक्षांच्या फोनपासून सुरुवात करा. गेल्या वर्षीची स्मरणिका युनिकोडात घाला. आणि निमंत्रण पाठवाल ते देवनागरीत टाइप करून पाठवा. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तरी आम्ही येऊ.