म्हसळ्यात बालनिंजा घडवण्याची शास्त्रोक्त पद्धत

पहिली पायरी म्हणजे आजोबा. कथा, कॅमेरा, भांडवल यांची जुळवाजुळव मागाहून केली तरी चालते. आजोबा मात्र आधी पक्के करावेत. १९९२ साली अमेरिकेत ‘थ्री निंजाज’ नावाचा चित्रपट आला. त्यात तीन भाऊ उन्हाळ्याच्या सुटीत जपानी आजोबांकडे राहतात, निंजाविद्या शिकतात आणि घरी परतल्यावर वडिलांच्या मागे हात धुऊन लागलेल्या शस्त्रांच्या दलालाला, त्याच्या बावळट हस्तकांसकट, लोळवतात. त्याआधी १९८४च्या ‘द कराटे किड’मध्ये आजोबा शेजारचे होते. पोराला गाडी पुसायला लावून, कुंपण रंगवायला लावून त्यांनी कराटे शिकवले आणि त्या भूमिकेने पॅट मोरिटा यांना ऑस्करच्या नामांकनापर्यंत नेले. २०१०मध्ये तोच चित्रपट बीजिंगमध्ये नव्याने निघाला, गुरू जॅकी चॅन झाला, विद्या कुंग फू झाली आणि नाव मात्र कराटेचेच राहिले. निर्माते पाटी सहसा बदलत नाहीत.

हॉलिवूडला आजोबा बाहेरून मागवावे लागतात. कोकणातल्या म्हसळा तालुक्यात ते जागेवर मिळतात. कमावती पिढी मुंबईत किंवा आखातात आणि पडवीत म्हातारे, ही इथल्या अनेक गावांची रचना पटकथाकाराच्या सोयीसाठीच केलेली वाटते. नातवंडेही आपोआप येतात. मे महिना लागला की मुंबईहून सुटणारी श्रीवर्धनची एसटी माणगाव सोडते, घोणशाच्या घाटात दोन-तीन पोरांच्या पोटात ढवळवते आणि म्हसळ्याच्या स्टँडवर नायकांची तुकडी पिशव्यांसकट उतरवते. या प्रवासाचे चित्रीकरण पटकथेत एका दिवसाचे धरले असेल, तर मुंबई-गोवा महामार्ग लक्षात घेऊन दोन दिवसांचे धरावे. त्याचे रुंदीकरण २०११पासून चालू आहे. चित्रपट रखडला तर निर्मात्याने त्याकडे पाहून धीर धरावा.

प्रशिक्षणाचे प्रसंग लिहिताना फार डोके खाजवू नये. ‘कराटे किड’मधला मियागी गाडी पुसायला लावत असे. इथले आजोबा विहिरीचे पाणी काढायला, गुरांना वैरण टाकायला आणि पावसाआधी कौले चाळायला लावतात. फरक एवढाच, की चित्रपटात तासाभराने कळते हे सगळे युद्धकलेचे धडे होते. इथे तसे कधीच कळत नाही, कामेच संपतात.

विद्या कोणती, हा प्रश्न मात्र जपून सोडवावा. निर्माता हमखास कराटे म्हणेल. पांढरा सदरा-पायजमा, रंगीत पट्टा, फळकुट फोडायचे, तोंडाने ‘हू’ करायचे: खर्च कमी, परिणाम जास्त. अशा वेळी त्याच्यापुढे शासनाचा निर्णय ठेवावा. फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्राने दांडपट्ट्याला राज्यशस्त्र ठरवले. राज्यप्राणी शेकरू, राज्यपक्षी हरियाल. त्यांच्या रांगेत आता हे लवलवते पाते बसले आहे. कोपरापर्यंत हात झाकणारी लोखंडी खोबण, तिच्या आतल्या मुठीत बंद झालेला पंजा आणि पुढे लांबच लांब लवचीक पाते. मनगट जखडले जात असल्याने वार खांद्यातून आणि कमरेतून काढावा लागतो. म्हणून पट्टा फिरवणारा माणूस जागेवर उभा राहूच शकत नाही, तो स्वतःच भिंगरी होतो. १६५९ साली प्रतापगडाखाली सय्यद बंडाला आडवा करणाऱ्या जिवा महालाचे हे हत्यार, आणि प्रतापगड म्हणजे काही परमुलूख नव्हे. पोलादपूरचा घाट चढला की आलाच.

कोल्हापूरच्या मर्दानी खेळाच्या आखाड्यांत ही विद्या अजून जिवंत आहे. तिथले वस्ताद लाठी, बोथाटी, विटा, पट्टा असे सगळे शिकवतात आणि प्रात्यक्षिकात एक प्रयोग हटकून असतो. एकजण तळहातावर लिंबू ठेवून हात पुढे धरतो, दुसरा पट्टा फिरवत येतो, लिंबाच्या दोन फोडी होतात आणि तळहातावर ओरखडाही नसतो. कॅमेरा इथे लिंबावर ठेवण्याचा मोह होतो. तो हात धरणाऱ्याच्या चेहऱ्यावर ठेवावा. अभिनयाचे असे फुकट शिक्षण दुसरीकडे मिळत नाही. नायक दहा-बारा वर्षांचे असल्याने त्यांच्या हाती पट्टा अर्थातच द्यायचा नाही. त्यांना लाठी द्यावी. उरलेल्यांना मल्लखांबावर चढवावे.

मल्लखांबाचा या टापूशी दूरचा का होईना, संबंध लावता येतो आणि प्रसिद्धीपत्रकात तो लावावाच. ही विद्या नव्याने उभी केली ती दुसऱ्या बाजीरावाच्या पदरच्या बाळंभटदादा देवधरांनी. दुसरा बाजीराव हा बाळाजी विश्वनाथांचा पणतू आणि बाळाजी विश्वनाथ शेजारच्या श्रीवर्धनचे. एवढा धागा पुरे. याहून बारीक धाग्यांवर पूर्ण ऐतिहासिक चित्रपट लोंबकळलेले आहेत. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिकडे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली होती आणि शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरात पोरांना खांबावर चढवण्यात आयुष्य घालवणाऱ्या उदय देशपांडे यांना २०२४मध्ये पद्मश्री मिळाली. खांबाला एरंडेल लावतात, हे वेशभूषाकाराला आधीच सांगून ठेवावे. निंजाचा काळा पोशाख एरंडेलात भिजला की तो पुन्हा पोशाख राहत नाही. मल्लखांबाचा लंगोट हा या बाबतीत अनुभवी लोकांनी काढलेला तोडगा आहे.

आता खलनायक. मराठीत या जातीचा लगेच आठवणारा चित्रपट म्हणजे महेश कोठारे यांचा ‘माझा छकुला’, साल १९९४. त्यात छोटा आदिनाथ गुंडांच्या टोळीला पुरून उरतो. ‘धडाकेबाज’मधला कवट्या महाकाळ, ‘झपाटलेला’मधला तात्या विंचू यांना जन्म देणाऱ्या कोठाऱ्यांनी या टोळीला नाव दिले गिधाड गँग. नाव ऐकूनच पोरे आईच्या पदराआड जात. तेव्हा तेच नाव उचलावे, असे कुणाच्याही मनात येईल.

म्हसळ्यात हे चालणार नाही. तालुक्यातल्या चिरगावने गिधाडे वाचवली आहेत. गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी करी. देशभरात ती झपाट्याने नाहीशी झाली आणि २००६मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. महाडच्या सिस्केप संस्थेने चिरगावच्या गावकऱ्यांना बरोबर घेऊन पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची घरटी राखली. मेलेली गुरे त्यांच्या खाण्यासाठी आणून टाकण्याची व्यवस्था केली. जिथे गिधाडाचे पिल्लू उडाले की गावाला आनंद होतो, तिथे ‘गिधाड गँग आली रे’ अशी आरोळी ठोकली तर प्रेक्षक घाबरून पळणार नाहीत, मोजायला येतील. टोळीला दुसरे नाव शोधावे. माकड गँग चालेल. बागायतदारांचा एकमुखी पाठिंबा मिळेल.

खलनायकाचा गुन्हा ठरवताना खऱ्या इतिहासात फार खोल जाऊ नये. शेखाडीच्या किनाऱ्यावर १९९३ साली उतरलेला माल आणि त्यानंतर मुंबईत झालेले स्फोट, २०१२मध्ये दिवेआगरच्या सुवर्णगणेशाची चोरी आणि त्यात मारले गेलेले दोन रखवालदार, हे विषय लाठी फिरवणाऱ्या पोरांच्या हातात देण्याचे नव्हेत. इथे विडंबनकारानेही पेन खाली ठेवावे. जंजिराही टाळलेला बरा. शिवाजी महाराजांनी प्रयत्न केले, संभाजी महाराजांनी समुद्रात सेतू घालायला घेतला, तरी तो किल्ला पडला नाही. तो शेवटच्या वीस मिनिटांत तीन शाळकरी पोरांनी घेतला, असे दाखवले तर इतिहासप्रेमी चित्रपटगृहातच निंजा होतील.

त्यापेक्षा जमीन घ्यावी. दिघी बंदर जवळ आहे, ऑगस्ट २०२४मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या बारा औद्योगिक शहरांत दिघीचे नाव आहे, आणि अशी बातमी आली की पांढऱ्या गाडीतून काळा चष्मा लावलेला माणूस गावात उतरतो, हे दृश्य कोकणात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. त्याला आजोबांची वाडी हवी आहे. कथा एवढीच.

मारामारी घराभोवतीच व्हावी. परदेशी चित्रपटांत पोरे गोट्या पसरतात. इथे श्रीवर्धनहून रोठ्याच्या वाळक्या सुपाऱ्यांचे पोते आणावे आणि खळ्यावर ओतावे. शेणाने सारवलेल्या, चोपून गुळगुळीत केलेल्या खळ्यावर सुपारी टाचेखाली आली, की सहा फुटी गुंडही कमरेत मोडतो. दुसरे अस्त्र फणस. फणस फोडण्यापूर्वी हाताला आणि कोयत्याला खोबरेल चोळायचे, हे इथल्या चार वर्षांच्या पोराला ठाऊक असते. गुंड नवी मुंबईचा असल्याने त्याला ते ठाऊक नसते. त्याच्या दोन्ही पंजांना चीक लागावा, एक हात पिस्तुलाला चिकटावा, दुसरा सोडवायला गेलेला मिशीला चिकटावा आणि तो पाण्याने हात धूत बसावा. पाण्याने चीक जात नाही, आणखी चिवट होतो. शेवटी आजीनेच वाटीभर तेल आणून ‘चोळ आता’ म्हणावे. या प्रसंगाला बदली नट लागत नाही, तारा लागत नाहीत. फणस मात्र प्रत्येक टेकला नवा लागतो. उरलेले गरे तंत्रज्ञांनी संपवावेत.

परवानग्यांकडे दुर्लक्ष करू नये, कारण खरी साहसकथा तिथेच आहे. बालकामगार कायद्याखालच्या २०१७च्या सुधारित नियमांप्रमाणे चौदा वर्षांखालच्या कलाकारासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मुलाने दिवसाला पाच तासांहून जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त काम करायचे नाही. सलग सत्तावीस दिवसांहून जास्त तर नाहीच. पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस नेमायचा आणि मुलाच्या कमाईतला किमान वीस टक्के भाग त्याच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकायचा. शिवाय पोरांना झोपही हवी, म्हणजे तीन नायक रात्री बारा वाजता खलनायकाच्या अड्ड्यावर चाल करून जाणार असतील, तर त्यांनी दुपारी दोनला, खिडक्यांना गोधड्या बांधून जावे. जिल्हाधिकारी कार्यालय अलिबागला. म्हसळ्याहून दिघी, दिघीहून गाडीसकट फेरीबोटीने आगरदांडा, पुढे मुरूड आणि मग अलिबाग. कागदात एक सही राहिली, तर हेच उलट्या क्रमाने. गाण्याचे चित्रीकरण या फेऱ्यांतच उरकावे. तीन जूनच्या आत सगळे आटपावे, एवढेही सांगून ठेवायला हवे. २०२०मध्ये त्याच तारखेला निसर्ग वादळ या किनाऱ्यावर चढले आणि माड-पोफळीच्या वाड्या झोपवून गेले.

प्रमाणपत्र मंडळाने नोव्हेंबर २०२४पासून यूए गटाचे सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन भाग केले आहेत. सात वर्षांवरचे मिळाले तर उत्तम. त्यासाठी गुंडाच्या तोंडातल्या शिव्या काढून टाकाव्यात. आजोबांच्या तोंडातल्या काढता येतात का, ते पाहावे.

राहता राहिला शेवट. इथे बहुतेक दिग्दर्शक आजोबा आणि खलनायक यांची उघड्या माळावर झुंज ठेवतील. कौटुंबिक चित्रपट म्हणवून घ्यायचे असेल, तर कुटुंबाला आत घ्यावे. वाडीचा सातबारा सामायिक आहे. आजोबांनी लाठी बाजूला ठेवावी, ट्रंकेतून तो कागद काढावा आणि खलनायकाला म्हणावे, “घे बाबा, माझी सही. बाकीच्यांच्या तेवढ्या तू आण.” मग कॅमेरा त्याच्या मागून फिरावा. एक हिस्सेदार कुवेतला. दोघे नालासोपाऱ्याला, पण एकमेकांशी बोलत नाहीत, कारण बांधावरचा फणस. एक वारली, तिची वारसनोंद राहिली. तिचा मृत्यूचा दाखला दुसऱ्या आडनावाने. एक चुलता सही द्यायला तयार आहे, फक्त आधी मोजणी करून हवी, आणि मोजणीला सगळे हजर हवेत. टोळीतले तगडे गडी झेरॉक्सच्या रांगेत उभे, काळा चष्मा कपाळावर चढलेला, पांढरी गाडी लाल झालेली. या दृश्याला मारामारीचा दिग्दर्शक लागत नाही. त्या दिवशी तलाठी सजेवर बसणार आहेत ना, एवढी खात्री मात्र आदल्या दिवशी फोन करून घ्यावी.