टॉवेल फडकतो, लाइनमन डुलकी काढतो

अमेरिकन फुटबॉलचा नवा व्हिडिओ गेम आलाय, आणि त्यात पास फेकणाऱ्या गड्याच्या, म्हणजे क्वार्टरबॅकच्या, कमरेला खोचलेला टॉवेल वाऱ्याच्या दिशेने फडकतो. गेल्या वर्षीचा टॉवेल वाऱ्याला न विचारता फडकायचा म्हणे. लोकांनी तो वर्षभर मुकाट्याने सोसला.

यंदाचा टॉवेल पावसात भिजतो, जड होतो, मांडीला चिकटतो. खेळाडू चिखलात आपटला की टॉवेल मळतो आणि चौथ्या क्वार्टरपर्यंत मळलेलाच राहतो. जाहिरातीतला घोगरा आवाज हे सांगताना मध्येच थांबतो, ऐकणाऱ्याला आवंढा गिळायला वेळ मिळावा म्हणून. गवताची पाती, जर्सीच्या सुरकुत्या, हेल्मेटवर पडलेलं स्टेडियमच्या दिव्यांचं प्रतिबिंब ही मंडळीही हजेरी लावून जातात. पण मानाचं पान टॉवेलला.

टॉवेलशी कुणाचं वैर असण्याचं कारण नाही. तो कामाचा आहे. चेंडू चामड्याचा, हात घामेजलेले, आणि डिसेंबरात बफेलो किंवा शिकागोला सामना असला तर वरून बर्फ. सेंटर दोन पायांमधून चेंडू मागे देतो, तो ओल्या बोटांतून सटकला की फंबल. मग ज्याच्या हाती पडेल त्याचा. म्हणून कमरेला टॉवेल, आणि प्रत्येक स्नॅपआधी हात पुसण्याची ती लगबग. प्रश्न एवढाच, की गेममध्ये हात कुणाचे ओले होतात? सोफ्यावर बसलेल्याचे होत असतील, वेफर्सच्या तेलाने. त्यासाठी टॉवेल दिलेला नाही.

पण एकदा टॉवेलचं कौतुक सुरू झालं की ते कुठे थांबणार? पुढच्या वर्षी टॉवेलला सूत येईल. त्याच्या पुढच्या वर्षी सुताला पीळ. मग समीक्षक दोन वर्षांचे टॉवेल शेजारी शेजारी ठेवून, चित्र थांबवून, लाल वर्तुळं काढून दाखवतील की डाव्या कोपऱ्यातली शिवण आता खरी वाटते. खेळाडूंना 99 पैकी गुण असतात, तसे टॉवेललाही मिळतील: शोषण 91, फडफड 88, संयम 74. त्यावरून भांडणं होतील. मग टॉवेलचा स्वतंत्र करिअर मोड येईल. टेक्सासमधल्या एका लहान गावातला गरीब टॉवेल, शाळेच्या संघात बाकावर पडून राहिलेला, वडील पायपुसणं होते. कोचची त्याच्यावर नजर जाते, कॉलेजची शिष्यवृत्ती मिळते, पहिल्याच मोसमात धागा उसवतो, सगळे म्हणतात संपला आता, आणि मग पावसाळी रात्री शेवटचे नऊ सेकंद उरले असताना क्वार्टरबॅक त्याच्याकडे हात नेतो. या कथेत खेळणाऱ्याला मधून मधून एक बटण दाबून ‘नम्रपणे उत्तर द्या’ किंवा ‘आत्मविश्वासाने उत्तर द्या’ यातलं एक निवडायचं असेल. काहीही निवडलं तरी पुढचं वाक्य तेच येईल.

एवढं होईपर्यंत मैदानावरची पाच माणसं काय करत होती, हे कुणी पाहिलंय?

ही पाच माणसं, म्हणजे लाइनमन, ही आक्रमणाची फळी: मध्ये सेंटर, दोन्ही बाजूंना गार्ड, कडेला टॅकल. एकेक जण बहुधा तीनशे पौंडांच्या पुढचा, म्हणजे 136 किलोंहून जड. पुढे फेकलेला चेंडू झेलण्याची त्यांना एरवी मुभा नसते. समोरच्याला धरून ठेवलं तर दहा यार्डांचा दंड. चांगलं काम केलं तर कॅमेरा त्यांच्याकडे वळत नाही, चुकलं तर सगळ्या स्टेडियमला त्यांचा जर्सी नंबर कळतो. पासच्या चालीत त्यांचं काम एकच, अंगावर धावून येणाऱ्यांना अडवून क्वार्टरबॅकला अडीच-तीन सेकंद मिळवून द्यायचे. त्या अडीच-तीन सेकंदांत तो बघतो, ठरवतो, फेकतो. टीव्हीवर वाखाणलेला प्रत्येक पन्नास यार्डांचा पास या पाच जणांच्या खांद्यावरून गेलेला असतो.

आणि गेममध्ये हे पाचही जण बहुतेक वेळा यंत्राच्या ताब्यात असतात. खेळणारा क्वार्टरबॅक होतो, धावणारा होतो, झेलणारा होतो. लेफ्ट टॅकल व्हायची हौस कुणाला? त्यामुळे बनवणाऱ्याने अंगचोरी कुठे केली हे शोधायचं तर त्या पाचांकडे बघायचं. नवा गेम हाती आला की पासची चाल लावायची, चेंडू हातात घ्यायचा आणि फेकायचाच नाही. टॉवेलकडे डोळे जाऊ द्यायचे नाहीत. फक्त फळी बघायची.

समोरचे दोन बचावपटू एक जुना डाव खेळतात. पहिला आडवा घुसून गार्ड आणि टॅकल दोघांनाही गुंतवतो, दुसरा त्याच्या पाठीमागून वळसा घालून मोकळ्या झालेल्या फटीतून आत शिरतो. खऱ्या सामन्यात गार्ड आणि टॅकल माणसं बदलून घेतात: तुझा तो माझा, माझा तो तुझा. वर्षानुवर्षं घोटलेली गोष्ट असते ती. चांगल्या गेममध्ये हा बदल दिसतो, आणि फळीतला नवखा खेळाडू तो अर्धा सेकंद उशिरा करतो म्हणून क्वार्टरबॅक आपटतो. मग खेळणाऱ्याला कळतं, पुढच्या वेळी त्या बाजूला मदतीला धावणारा गडी ठेवायला हवा. हा झाला खेळ. वाईट गेममध्ये दोघंही पहिल्याच्या मागे जातात, आणि दुसरा, ज्याला कुणीच अडवलेलं नाही असा सव्वाशे किलोंचा माणूस, मंडईत शिरावा तसा चालत येतो. गार्ड तेव्हा रिकाम्या जागी हात पुढे करून उभा असतो. त्याच्या बाजूने माणूस जातो, त्याच्या मागे क्वार्टरबॅक जमीनदोस्त होतो, शिट्टी वाजते, आणि गार्ड अजून समोर बघतोय. त्याच्या जर्सीवर सुरकुती मात्र अचूक पडलेली असते.

याला म्हणतात मांडवाच्या झालरीवर लाख उधळायचे आणि पंगतीत वरण कच्चं.

तंत्रज्ञानाला नाक मुरडण्यात अर्थ नाही. 1998 साली अमेरिकेतल्या टीव्हीवर मैदानावर पिवळी रेघ दिसू लागली. दहा यार्ड पुरे व्हायला कुठवर जायचं, ते दाखवणारी. रेघ मैदानावर नसते, चित्रात असते. ती खेळाडूंच्या पायांखालून गेल्यासारखी दिसावी म्हणून गवताचा रंग कुठला आणि कपड्यांचा कुठला हे संगणकाला क्षणोक्षणी ओळखावं लागतं. प्रेक्षक घरी बसून जो प्रश्न विचारत होता, ‘अजून किती?’, त्याचं उत्तर त्या रेघेने दिलं. ‘टॉवेल कुठल्या दिशेला?’ हा प्रश्न अजून कुणी विचारलेला ऐकिवात नाही.

मुळात हा थांबण्याचा खेळ. घड्याळावर 15 मिनिटांचे चार क्वार्टर, टीव्हीवर तीन तासांहून जास्त. एका अमेरिकी वर्तमानपत्राने 2010 साली सामने घड्याळ लावून मोजले, तेव्हा चेंडू खेळात असण्याचा वेळ भरला सुमारे 11 मिनिटं. उरलेल्या वेळात माणसं घोळका करतात, उभी राहतात, एकमेकांकडे संशयाने बघतात. चार प्रयत्नांत, म्हणजे चार डाउनमध्ये, दहा यार्ड जायचं, नाहीतर चेंडू समोरच्याकडे. तिसरा प्रयत्न आहे, दोन यार्ड हवेत, धाव घेणार हे स्टेडियममधल्या वडे-भज्यांच्या, चुकलं, हॉटडॉगच्या ठेलेवाल्यालाही माहीत आहे. मग धावायचं, की धावतोय असं भासवून मागून फेकायचं? समोरच्यालाही हेच माहीत आहे, आणि आपल्याला माहीत आहे हेही त्याला माहीत आहे. सगळी मजा त्या घालमेलीत आहे.

ही मजा द्यायला किती साहित्य लागतं? 1977 साली अमेरिकेत हातात मावणारा एक गेम निघाला. त्यात खेळाडू म्हणजे लाल दिव्याच्या छोट्या रेघा. जी रेघ जास्त उजळ, तिच्याकडे चेंडू. पास नव्हताच, तो पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत आला. लाल रेघेला कंबर नव्हती, मग टॉवेल कुठे खोचणार? तरी पोरं वर्गात बाकाखाली धरून खेळायची. 1989 साली टीव्हीला जोडायच्या आठ-बिट कन्सोलवर आलेल्या गेममध्ये अकराऐवजी नऊच गडी आणि आक्रमणाला सगळ्या मिळून चार चाली. बचाव करणाऱ्यानेही त्याच चारांपैकी एक ओळखायची. ओळखली की आक्रमणाचा चुराडा. चारात एक, एवढं सोपं गणित, पण शेजारी बसलेल्या मित्राचा अंगठा कुठल्या बटणाकडे सरकतोय हे तिरक्या नजरेने बघण्यासाठी, आणि आपला अंगठा शर्टाखाली लपवण्यासाठी दुपारच्या दुपारी जात. आज शेकडो चाली आहेत. त्यातली एक सापडते जी दर वेळी चालते, कारण बचावाचं यंत्र तिला ओळखत नाही. मग सगळे तीच खेळतात. शेकडो चालींचं पुस्तक, आणि पाठ एकच पान.

धावणाऱ्याला धरून पाडण्याचीही (त्यालाही टॅकलच म्हणतात) तीच कथा. दोन नट ठिपक्यांचे कपडे घालून एकमेकांवर आदळतात, ते टिपून ठेवतात आणि गेममध्ये वापरतात. ठीक. पण टिपलेली आदळाआदळ सुरू करायची तर दोघं ठरावीक अंतरावर हवेत. मग जो बचावपटू दीड यार्ड लांब आहे, तो बर्फावरून सरकल्यासारखा खेचला जातो आणि धावणाऱ्याच्या कमरेला जाऊन चिकटतो. धावणाऱ्याने वेळेवर दिलेली हुलकावणी गेली पाण्यात. अंगठ्याने काम चोख केलं, निकाल टिपून ठेवलेल्या हालचालीने दिला.

आता पुड्या. त्यांच्याबद्दल शांतपणे लिहिणं अवघड आहे. गेम विकत घ्यायचा सत्तर डॉलरला. त्यात आपला संघ जमवायचा एक विभाग, तिथे खेळाडू पत्त्यांच्या रूपात, आणि पत्ते बंद पुड्यांत. पुडीत काय आहे ते पैसे दिल्यावर कळणार. फोडताना प्रकाश, धूर, ढोल. निघतो तिसऱ्या फळीतला पंटर, चेंडू लाथेने लांब टोलवणारा. अजून एक फोड. बेल्जियममध्ये 2018 साली पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या अशा पुड्यांना सरळ जुगार ठरवण्यात आलं. बाकी बऱ्याच ठिकाणी बारा वर्षांचं पोर आईचं कार्ड घालून ती फोडतंय, आणि याला म्हणायचं ‘खेळाडूला दिलेली निवड’. निवड कसली? लाज वाटायला हवी. पुन्हा वर्षभर जमवलेला संघ पुढच्या वर्षीच्या गेममध्ये जात नाही. सगळे पत्ते रद्दी, रद्दीवाला किलोने तरी घेतो. नवा गेम येतो त्या दिवशी सर्व्हर कोसळतो, फळी डुलक्या काढते, समालोचक भलत्याच खेळाडूचं नाव घेतो, पण पुड्यांचं दुकान त्या दिवशीही उघडं असतं. त्या दुकानात बग शिरल्याचं कुणी सांगितलं तर त्याचा जाहीर सत्कार करायला हरकत नाही.

न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी बापांची एक जमात या सगळ्याकडे वेगळ्याच नजरेने बघते. ते वीस वर्षं तिथे आहेत, पण दुकानात उभं राहून सत्तर डॉलरचे रुपये करण्याची सवय गेलेली नाही. सहा हजारांच्या घरात. एवढ्या पैशात पोराला बॅट, पॅड आणि ग्लोव्हज आले असते, असं मनातल्या मनात म्हणत ते कार्ड पुढे करतात. मग घरी पोराच्या मागे सोफ्यावर बसतात, आणि तीन तास टीव्हीवर सामने बघून जे थोडंफार कळलेलं असतं ते सांगायची खुमखुमी येते.

“अरे, चौथा डाउन आहे, बारा यार्ड हवेत आणि तू तुझ्याच वीस यार्डांच्या रेघेवर. पंट कर की.”

“बाबा, इथे कुणीच पंट करत नाही.”

“का?”

“कशाला करायचं? चेंडू गेला तरी तो लगेच परत मिळतो. कॉम्प्युटर दोन चालींत पास आपल्याच हातात फेकतो, इंटरसेप्शन.”

बापाचं बरोबर आहे आणि पोराचंही. खऱ्या मैदानावर चाळीस यार्ड मागे ढकललेला संघ म्हणजे पुढची पंधरा मिनिटं घाम. गेममध्ये ती जमीन कवडीमोल, कारण ती गमावण्याची शिक्षा कुणी लिहिलीच नाही. शिक्षा लिहायला वेळ लागतो. वाट बघणारा, चेंडू जपणारा, घड्याळ खाणारा प्रतिस्पर्धी घडवावा लागतो, आणि तो तीस सेकंदांच्या जाहिरातीत दिसत नाही.

पोराने चौथ्या डाउनला लांब पास फेकला. फळीतला राइट टॅकल कुणाकडे बघत होता देव जाणे. मधून एक जण आला, हात लागला, चेंडू उडाला, समोरच्याने झेलून टचडाउन केला.

“बघ, सांगत होतो.”

पोराने उत्तर दिलं नाही. मेनू उघडला, ‘सामना पुन्हा सुरू करा’ दाबलं, आणि वेफर्सची पिशवी बापाकडे सरकवली.