मागं ऊस, पुढं कॅमेरा

परदेशात लोक मोटारीमागं अख्खं घर जोडून सहलीला निघतात आणि डॅशकॅम कुठला घ्यावा यावर महिनाभर खल करतात. आमच्या पोखर्णीत मागं घर नसतं, ऊस असतो. गाळप सुरू झालं की गंगाखेड रोडवर एकेका ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या झुलत निघतात.

यंदा आमच्या काकांनीही डॅशकॅम मनावर घेतला. पहिला प्रश्न : चिकटवायचा कुठं? ट्रॅक्टरला काचच नाही. शेवटी तारेनं बांधला. दुकानदार म्हणाला, “काका, मागचापण घ्या, दोन्हीकडचं दिसतं.” घेतला. मागं काय दिसलं? सकाळी ऊस, दुपारी ऊस, रात्री काळा ऊस. ट्रॉलीच्या शेपटाला लावावा, तर वायर पुरेना.

त्यात धक्का ओळखणारा सेन्सर. गाडी आदळली की तो तेवढं चित्रण अपघात समजून कुलूपबंद करतो, पुसत नाही. आमच्या रस्त्यांपुढं बिचारा काय करणार! कारखाना यायच्या आत कार्ड अपघातांनीच भरलं. काकांना मात्र साधं खरचटलंही नव्हतं.

गावचा नृसिंह खांबातून प्रकटला तो ना दिवसा, ना रात्री; ऐन तिन्हीसांजेला. कॅमेऱ्याला नेमकी तीच वेळ अवघड, आणि बिनदिव्याच्या ट्रॉलीवर मागून मोटारसायकल आदळते तीही तेव्हाच. तेव्हा काका, कॅमेरा राहू द्या. आधी मागच्या ट्रॉलीला लाल रिफ्लेक्टर लावा.