न हसणारा डबा

धार जिल्ह्यातल्या बाग गावी येणारा मराठी पाहुणा दोन कामे करून जातो. लेणी बघतो आणि बागप्रिंट घेतो. लेण्यांना अर्धा तास पुरतो, साडीला अख्खी दुपार.

चार नंबरच्या लेण्याला इथे रंगमहाल म्हणतात. त्याच्या ओसरीच्या भिंतीवर हत्तीघोड्यांची मिरवणूक होती आणि टिपऱ्या, झांजा, ढोलके घेऊन नर्तकाभोवती फेर धरणाऱ्या बायका होत्या. दीड हजार वर्षांपूर्वीचा करमणुकीचा कार्यक्रम, तोही मध्ये जाहिराती न येता. १९८२ साली यातली उरलीसुरली चित्रे भिंतीवरून उतरवून ग्वाल्हेरच्या संग्रहालयात नेली. त्याच वर्षी दूरदर्शन रंगीत झाले. बागेतले रंग उतरले आणि टीव्हीवर चढले, असा सरकारी ताळेबंद कोणी मांडला तर धारकरांना नाही म्हणता येणार नाही.

टीव्हीला रंग यायला तेवीस वर्षे लागली. विनोद मात्र पहिल्यापासून नोकरीला होता. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत आकाशवाणी भवनातल्या तात्पुरत्या स्टुडिओतून भारतीय टेलिव्हिजन सुरू झाले, तेव्हा त्याचे पहिले निर्माते म्हणून नेमले गेले ते पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे. सरकारी खात्याने नव्या यंत्राच्या किल्ल्या विनोदी लेखकाच्या हाती देण्याचा हा प्रसंग. पुन्हा घडला असेल तर तो चुकूनच.

पु.लंना नेमण्यामागे हिशेब होता. हा माणूस आकाशवाणीत होता, त्याआधी प्राध्यापक होता, नट होता, पेटी वाजवत होता. १९५३च्या ‘गुळाचा गणपती’त कथा, पटकथा, संगीत, दिग्दर्शन आणि नायकाची भूमिका असे सगळे त्याने एकट्याने केले होते. ज्या खात्यात माणसे कमी आणि कामे जास्त, तिथे असा उमेदवार म्हणजे पाच पदे एका पगारात. शिवाय बीबीसीत प्रशिक्षण घेऊन आलेला. त्या परदेशवाऱ्यांतून ‘अपूर्वाई’ निघाले, म्हणजे प्रशिक्षणाचा खर्च सरकारने केला आणि व्याज मराठी वाचक अजून खातो आहे.

पण बीबीसी आणि दिल्ली यांत अंतर केवढे, तर थेट आमच्या धारच्या म्हणीइतके. कहाँ राजा भोज, कहाँ गंगू तेली. प्रक्षेपण आठवड्यातून दोनदा, तेही दिल्ली आणि भोवतालच्या मुलखापुरते. घरोघर संच नव्हते. युनेस्कोच्या मदतीने संच आणून वस्त्यांमध्ये ‘टेलिक्लब’ काढले होते आणि लोक तिथे जमून बघत. बघायला काय मिळे? रहदारीचे नियम, सार्वजनिक आरोग्य, अन्नातली भेसळ आणि सार्वजनिक जागेवरचे अतिक्रमण. संध्याकाळी कामावरून दमून आलेल्या माणसाला, बाबा रे, तू फुटपाथ अडवू नकोस, असे पडद्यावरून सांगायचे. देशातल्या पहिल्या विनोदी टीव्ही निर्मात्याच्या वाट्याला असा काळ आला. पंडित नेहरूंची दूरदर्शनवरची पहिली मुलाखतही पु.लंनीच घेतली. म्हणजे पाहुणा पहिल्या प्रतीचा आणि प्रेक्षक एखाद्या लग्नाच्या पंगतीइतके.

इथे देवासचा संबंध येतो, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही.

दिल्लीला जाण्याच्या दोनच वर्षे आधी, १९५७ साली, पु.लंनी ‘तुझे आहे तुजपाशी’ लिहिले. नाटक घडते इंदुरात. त्यातल्या खुशालचेंडू, शौकीन, माणूसवेड्या काकाजींचे आडनाव आहे देवासकर. रंगमंचावर दाजी भाटवडेकर काकाजी झाले. काकाजी म्हणजे इंदूरचे रसिकाग्रणी रामूभैया दातेच, असे इंदूरकर छातीठोकपणे सांगतात. देवासकर सांगतात, आडनाव बघा की. यावर दोन्ही गावांत सुमारे पस्तीस किलोमीटर लांबीचा वाद होऊ शकतो. काकाजींसमोर लेखकाने उभे केले आहेत आचार्य: व्रतस्थ, सूतकताई करणारे आणि हसणे म्हणजे वेळेचा अपव्यय मानणारे.

आता पु.लंची दिल्लीची नोकरी या नाटकाच्या उजेडात पाहावी. दूरदर्शन म्हणजे आचार्यांचा आश्रम, आणि त्याच्या व्यवस्थापकपदी नेमलेले काकाजी. लेखकाने आपल्या नोकरीचे नाटक नोकरी लागण्यापूर्वीच लिहून ठेवले होते.

तसे देवासला विनोदासाठी लेखक लागतच नाही. तुकोजीराव आणि जिवाजीराव या पवार बंधूंनी अठराव्या शतकात राज्य वाटून घेतले. थोरली पाती आणि धाकटी पाती. गाव एकच, राजे दोन, दरबार दोन आणि सरहद्द बाजारातून जाणारी. ई. एम. फॉर्स्टर नावाचा इंग्रज कादंबरीकार १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी चिटणीस म्हणून इथे राहिला. त्याने आपल्या पत्रांतून हा सगळा कारभार इंग्लंडला कळवला आणि १९५३ साली त्याचे ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक केले. दोन भाऊ, एक गाव, मधे रस्ता. आजच्या वाहिनीला एवढ्यावर सहाशे भाग काढता येतील. त्यात सासवा वेगळ्या.

याच गावात १९४८ साली क्षयाने खंगलेला एक तरुण गायक हवापालटासाठी आला. डॉक्टरांनी गाणे बंद केलेले. अंथरुणावर पडून तो रस्त्याने जाणाऱ्या मालवी बायकांची गाणी ऐकत राहिला. कुमार गंधर्व बरे झाले, गायला लागले आणि देवासचे होऊन राहिले. पु.लंशी त्यांची दोस्ती होती. ही दोस्ती ज्या बैठकीतली, तिथे दाद ही गाण्याइतकीच महत्त्वाची. गवय्या जागा घेतो, समोरचा ‘वाहवा’ म्हणतो, मग पुढची जागा सुचते. पु.लंचा विनोद याच जातीचा. तो बोलताना ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघतो, हशा कुठे फुटतो ते हेरतो, थांबतो, आणि हशा ओसरायला लागला की खालून हळूच पुढचे वाक्य सरकवतो. त्यांच्या ध्वनिफिती ज्यांनी घासूनपुसून ऐकल्या आहेत, त्यांना वाक्यांइतक्याच मधल्या थांबण्याच्या जागा पाठ आहेत.

कॅमेऱ्याला हे काहीच कळत नाही. स्टुडिओत शांतता हवी, हा टीव्हीचा पहिला नियम. समोर लाल दिवा आणि काचेपलीकडे गंभीर तंत्रज्ञ. तुम्ही जन्मातला सर्वोत्तम विनोद सांगा, कॅमेरा एकटक बघत राहतो, वसुलीला आलेल्या माणसासारखा. प्रस्तुत लेखकाचे मत असे की त्या डब्याने पु.लंना जे दिले नाही, ते त्यांनी नंतर रंगमंचावर वसूल केले. १९६०च्या दशकात ‘बटाट्याची चाळ’ घेऊन ते एकटे उभे राहिले आणि दोन-अडीच तास अख्खी चाळ अंगात आणत राहिले. एक माणूस, एक चौकट आणि क्लोजअपसारखा चेहरा, म्हणजे टीव्हीचाच आटोपशीरपणा. फरक एवढाच की हा डबा हसत होता.

पु.लंच्या मागून आलेल्यांनी या न हसणाऱ्या डब्याशी आपापल्या परीने जमवून घेतले. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि सत्तरीच्या उत्तरार्धात ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ने त्याला पहिल्यांदा घरचे माणूस केले. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. मूळ लेखक चिं. वि. जोशी बडोद्यात पाली शिकवणारे. मराठी विनोदाचा इतिहास लिहिताना पुण्यामुंबईकडून सुरुवात करणाऱ्यांनी बडोदा, इंदूर, देवास ही स्टेशने गाळू नयेत. गाडी तिकडूनच भरून येते.

हिंदीतही तेच. १९८४ साली ‘ये जो है ज़िंदगी’ने देशभर घरे हसवली. ती लिहिणारे शरद जोशी उज्जैनला जन्मलेले, म्हणजे देवासचे शेजारी. आडनाव जोशी असल्यामुळे पुष्कळ मराठी घरांत ते आपलेच असा समज होता. ते हिंदीचे व्यंगकार, पण मालव्याचे, तेव्हा तो दुरुस्त करण्याची कोणाला घाई नव्हती. पुढे २००९ साली सब वाहिनीवर आलेले ‘लापतागंज’ त्यांच्याच लेखनावर उभे राहिले. त्याच वाहिनीने २०१८ साली ‘नमुने’ काढली, त्यात संजय मोने पु.ल. झाले. देशाच्या पहिल्या टीव्ही निर्मात्याला, साठ वर्षांनी, टीव्हीवर पात्र म्हणून काम मिळाले.

न हसणाऱ्या डब्यावरचा सगळ्यात सरळ उपाय मात्र आता निघाला आहे. ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’त प्रसाद ओक आणि सई ताम्हणकर परीक्षक म्हणून बसले, विनोद झाला की कॅमेरा त्यांच्याकडे वळला, ते हसले. थोडक्यात, दाद देणारे रसिक पगारी ठेवले. रामूभैयांनी हे काम आयुष्यभर पदरचे खर्चून केले.

देवासला माताजीच्या टेकडीखाली एका ओळखीच्या घरात संध्याकाळी हा कार्यक्रम लागतो. तिथल्या काकू ऐंशीच्या पुढच्या. विनोद पुरा व्हायच्या आत त्या हसून मोकळ्या होतात, मग नातवाला विचारतात, “काय म्हणून राहिला रे तो?” नातू सांगतो. काकू म्हणतात, “हात्तिच्या! मला वाटलं काही वेगळंच,” आणि त्या वेगळ्यावर पुन्हा पहिल्यापासून हसतात. पडद्यावर तोवर पुढचे प्रहसन सुरू झालेले असते.