नळीतलं मीठ

दिवाळीत घेतलेलं टिकल्यांचं पिस्तूल तुळशीच्या लग्नापर्यंत टिकलं तर नशीब. चाप अडायला लागायचा, घोड्यावर तांबूस पापुद्रा चढायचा, आणि घरातलं कुणीतरी मोठं माणूस ‘हल्लीच्या वस्तूंत काही राम नाही, पत्राच हलका’ असा निकाल देऊन मोकळं व्हायचं. पत्रा हलका असे हे खरंच. पण निम्मा गुन्हा टिकलीचा होता आणि तिच्यावर कुणाचा संशयसुद्धा गेला नाही. टिकलीत पोटॅशियम क्लोरेट असतं. टिकली फुटली की ते आपल्याजवळचा ऑक्सिजन देऊन टाकतं आणि मागे पोटॅशियम क्लोराइड ठेवून जातं. हे म्हणजे मीठच. आमटीतल्या मिठाचं सख्खं चुलत भावंड. चवीला जरा कडवट, बाकी गुण तेच.

खऱ्याखुऱ्या बंदुकांनी हेच दुखणं शंभराहून अधिक वर्षं काढलं. काडतुसाच्या बुडाशी मधोमध एक चिमुकली टोपी बसवलेली असते, तिला प्रायमर म्हणतात. टोकदार पिनचा ठोसा बसला की ती पेटते, ती दारूला पेटवते आणि दारू गोळीला हाकलते. आवाज, धूर, खांद्याला बसणारा दणका हा सगळा थाट दारूचा. टोपीचं काम तेवढ्या एका ठिणगीचं. तिच्यातलं क्लोरेट तीळभर, पण त्याचं मीठ गोळीच्या मागोमाग नळीत, बोल्टच्या तोंडावर, जिथे वायू पोचेल तिथे जाऊन बसतं. आणि बसतं ते गुपचूप, कारण त्याला ना रंग ना वास.

या ठोशाने पेटणाऱ्या मसाल्याचं श्रेय एका पाद्र्याकडे जातं, हे मला नेहमीच मजेचं वाटत आलं आहे. स्कॉटलंडमधल्या बेलहेल्वी गावचे रेव्हरंड अलेक्झांडर फोर्सिथ. त्यांना पाखरांच्या शिकारीचा नाद. चकमकीच्या बंदुकीत आधी कानाशी भपका व्हायचा आणि मग क्षणभराने गोळी सुटायची. तेवढ्यात शहाणी पाखरं पसार. ती अडचण दूर करायला त्यांनी ठोशाने पेट घेणारा मसाला बंदुकीला जोडला आणि 1807 साली त्याचं पेटंट घेतलं. रविवारी प्रवचनात भूतदयेवर बोलताना त्यांची थोडी ओढाताण होत असणार.

पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घोळ झाला तो गंजाचा. नवी बिनधुराची दारू आली होती. फ्रेडरिक एबल आणि जेम्स ड्यूअर या दोन शास्त्रज्ञांनी 1889 साली कॉर्डाइट सिद्ध केलं. त्यात नायट्रोग्लिसरीन, गनकॉटन आणि चक्क व्हॅसलीन. व्हॅसलीन कशाला, तर नळीला आतून जरा ओशटपणा राहील अशी आशा. तो राहिला नाही. व्हॅसलीनने भलतंच उपयोगी काम केलं, दारू साठवणीत बिघडू दिली नाही. पण बंदुका गंजायला लागल्या तेव्हा सगळ्यांची बोटं या नवख्या दारूकडेच वळली. तिचे आम्लयुक्त वायू पोलादाच्या रंध्रांत शिरतात आणि पुढे दिवसेंदिवस घामासारखे पाझरत राहतात, असा सिद्धांतही निघाला. अमेरिकी सैन्यात म्हणून गोळीबारानंतर लागोपाठ तीन दिवस नळी साफ करायची शिस्त होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. अखेर 1922 साली अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्समधल्या विल्बर्ट हफ यांनी तपास पुरा केला: दारू निर्दोष, खरा चोर टोपीतून आलेलं मीठ. त्यांच्या निबंधाचा विषयच होता तेलाच्या थराखाली होणारा गंज.

मला या सगळ्या प्रकरणात रस वाटतो तो त्या तेलापाशी. बंदूक म्हटली की तेल, हे समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं. तेल लावलेली नळी दिसते तरी किती राजस! पण मीठ तेलात विरघळत नाही. तेलाच्या पांघरुणाखाली ते खुशाल पडून राहतं, हवेतली ओल हळूहळू खेचतं आणि पोलाद कुरतडतं. वरून कीर्तन, आतून तमाशा. त्यावर उतारा एकच, तो म्हणजे पाणी. आणि लोखंडाच्या वस्तूला पाणी लावायचं म्हटलं की आपला हातच धजत नाही. ज्याची आयुष्यभर धास्ती बाळगली तेच औषध निघावं, अशी ही गंमत. पाणी उकळतं असलं तर दुहेरी फायदा. मीठ भराभर विरघळतं आणि नळी इतकी तापते की उरलेली ओल आपोआप उडून जाते. तेलाचा मान त्यानंतरचा.

आता हे मीठ कुठे किती त्रास देईल हे गावागावावर आहे. पोटॅशियम क्लोराइडला पाणी सुटायला हवेत साधारण 85 टक्के आर्द्रता लागते. ॲरिझोनाच्या वाळवंटात माणूस आठवडाभर बंदूक तशीच ठेवून शीळ घालत हिंडू शकतो. आमच्या रत्नागिरीकडे आषाढात फडताळातली मिठाची बरणी नुसती उघडायची खोटी, आत चिखल झालेला असतो. नळीच्या आतल्या मिठाचं तेच होतं, फक्त ते चाखून बघायला कुणी जात नाही. गोऱ्या साहेबाने .303 रायफल याच हवेत वागवली आणि तिची काडतुसं खडकीच्या कारखान्यातही पाडून घेतली. नळीत उकळतं पाणी ओतायचं एक नरसाळं त्याच्या पलटणीत असे. हफसाहेबांच्या निबंधाच्या आधीपासून असे. कारण ठाऊक नसताना उपाय बरोबर, असं घरोघरच्या आजीबाईंच्या बटव्यात होतं. लष्करातही होतं हे वाचून बरं वाटलं.

ही .303 आमच्या पिढीला एनसीसीत भेटली. दस्त्याच्या मागच्या पितळी पट्टीत एक झाकण, आत पितळी तेलाची कुपी आणि पुल-थ्रू: एका टोकाला पितळेचं वजन असलेली दोरी आणि चिंदी अडकवायला फास. चिंदीचंही माप ठरलेलं, पुसायची चार इंच बाय दोन, तेलाची चार इंच बाय दीड. फायरिंग आटोपलं की उस्ताद पातेलंभर पाणी लंगरमधून आणवत. त्यामुळे चहाला उशीर व्हायचा आणि त्याबद्दल लंगरवाल्याचा राग कॅडेटांवर निघायचा. एकजण रायफल कापडाने धरून तिरकी उभी करायचा, दुसरा ओतायचा, खालून राखाडी पाणी वाफा टाकत पडायचं. मग दोरी घालून ओढायची, पुन्हा ओढायची. शेवटी उस्ताद बोल्ट काढून अंगठ्याचं नख नळीच्या मागच्या तोंडाशी धरत. नखावर पडलेला उजेड उलटून नळीत जायचा आणि आतल्या पाच खाचा वळत वळत गेलेल्या लख्ख दिसायच्या. “चिंदी सफेद निकलनी चाहिए,” एवढंच त्यांचं शास्त्र. चिंदी पांढरी निघाली की रायफल कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात, जमा.

खरं सांगायचं तर पांढरी चिंदी ही काही मीठ गेल्याची पावती नव्हे. काळं असतं ते कार्बनचं, ते बिचारं दिसतं म्हणून त्याच्यावर सगळ्यांचा राग. मीठ पांढऱ्या चिंदीवर पांढरंच राहून निसटलं असतं. उस्तादांची परीक्षा पास झालेली रायफल खरी वाचली ती परीक्षेच्या आधीच, त्या उशिरा आलेल्या चहाच्या पाण्याने.

अमेरिकेत आजही हौशी नेमबाज जुन्या रशियन मोसिन-नागां रायफलींसाठी सोव्हिएत काळातली काडतुसं वापरतात. पत्र्याचे सीलबंद डबे, आत 440 गोळ्या, टोपीत क्लोरेट. त्यांच्यातला एक पंथ नळीत खिडकीच्या काचा पुसायचं निळं द्रावण फवारतो. म्हणे त्यातला अमोनिया मिठाला ‘मारतो’. अमोनिया मिठाचं काहीही वाकडं करू शकत नाही. काम होतं हे खरं, पण ते त्या बाटलीत बहुतांशी पाणीच असतं म्हणून. नळाच्या पाण्याने तेच होईल असं सांगून पाहा, लोक दुखावतात. रशियनांनी मात्र वादात न पडता पुढच्या कलाश्निकोव्ह रायफलींच्या नळीला आतून क्रोमचा मुलामा चढवला आणि टोपीतला मसाला होता तसाच ठेवला.

बाकी जगाने टोपीच बदलली. 1920च्या दशकात जर्मनांनी क्लोरेटऐवजी शिशाचं एक संयुग आणि बेरियम नायट्रेट वापरायला सुरुवात केली. अमेरिकी सैन्याने 1950च्या दशकाच्या सुरुवातीला बहुतेक सगळा दारूगोळा तसा करून घेतला. नव्या टोपीतून मीठ निघत नाही, नळी गंजत नाही, नरसाळी अडगळीत गेली. निघते ती शिशाची बारीक धूळ, आणि ती बंदुकीला नाही, माणसाला बाधते. त्यामुळे बंदिस्त शूटिंग रेंजमधून बाहेर पडणाऱ्यांना सूचना असते: काही खाण्यापिण्यापूर्वी हात आणि तोंड साबणाने स्वच्छ धुवा. बंदूक तशीच राहिली तरी चालेल.