लंडन, व्हाया बेलहिया

१९५७ सालच्या १५ एप्रिलला लंडनहून एक बस कलकत्त्याला निघाली आणि ५ जूनला पोचली. तिकीट ८५ पौंड. ही माहिती माझ्या मेव्हण्याच्या वाचनात आली नसती, तर २०२४ची दिवाळी आम्ही पुण्यातच, राहिलेल्या चकल्या संपवण्यात घालवली असती.

"भावजी, त्या काळात बस येत होती. मग आज आपली गाडी का जाऊ नये?"

'आपली' गाडी म्हणजे माझी. नऊ वर्षांची, पांढरी, लहान चणीची. डाव्या मागच्या दाराची काच पूर्ण खाली जाते, पण वर यायला तिला कोणाचा तरी हात लागतो. या गाडीनं आजवर केलेला सर्वांत मोठा पराक्रम म्हणजे आंबोली घाट, तोही उतरताना.

मेव्हण्याला एक्सेलचं वेड आहे. लग्नाच्या मुली बघायला जायचा तेव्हाही त्यानं तक्ता केला होता, आणि तो मुलीकडच्यांना दाखवला होता. अजून एकटाच आहे. 'लंडन' नावाची फाईल त्यानं गणपतीतच उघडली. तिच्यात 'अनपेक्षित खर्च' असा एक रकाना होता आणि शेजारी 'अपेक्षित अनपेक्षित खर्च' असा दुसरा. दोहोंत फरक काय, असं विचारल्यावर "प्रवासात कळेल" म्हणाला.

पहिली खरेदी झाली ती गाडीच्या पाठीवर लावायच्या लंबगोल स्टिकरची. परदेशी जाणाऱ्या गाडीवर देशाची खूण लागते, म्हणून 'आयएनडी'. कागद एकही नाही, मार्ग ठरलेला नाही, पण स्टिकर लागलं. सोसायटीच्या वॉचमननं ते बराच वेळ न्याहाळलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "साहेब, गाडी विकायचीय का?"

मग नकाशा उघडला. त्या जुन्या बसच्या रस्त्यात युगोस्लाव्हिया होता. तो देशच आता उरलेला नाही, त्यामुळे एक व्हिसा वाचला, असं मेव्हण्यानं समाधान मानलं. पुढचं गणित मात्र अमृतसरपाशीच अडलं. वाघ्याचं फाटक आपल्या गाडीसाठी उघडत नाही. त्यामुळे लंडनला जाणारे हौशी लोक गाडी कंटेनरमध्ये घालून जहाजानं दुबईला किंवा इराणला पाठवतात आणि आपण विमानानं तिच्या मागे जातात. हे ऐकल्यावर बायको म्हणाली, "म्हणजे आपल्या गाडीनं जायचं, पण गाडी वेगळी आणि आपण वेगळे. मग लंडनला तिला एकटीलाच पाठवा ना. येताना फोटो घेऊन येईल."

खरा दणका त्यापुढे होता. माणसाचा पासपोर्ट दीड हजार रुपयांत होतो. गाडीलाही पासपोर्ट लागतो, त्याला कार्ने म्हणतात. पिवळ्या पानांचं पुस्तक असतं. प्रत्येक सीमेवर गाडी आत जाताना एक तुकडा फाटतो, बाहेर पडताना दुसरा. गाडी परदेशात नेऊन तुम्ही ती तिथेच विकलीत, तर त्या देशाचा आयातकर बुडेल. तो बुडू नये म्हणून आपल्याकडे आधीच गाडीच्या किमतीवर ठरणारी बँक हमी घेऊन ठेवतात. आपल्या गाडीला इस्तंबूलमध्ये गिऱ्हाईक मिळेल आणि आपण ती विकून पळून जाऊ, असा संशय कोणीतरी घ्यावा, याचा मला मनातून थोडा अभिमानच वाटला. पुण्यात एका दलालानं तिच्याकडे बघून नुसतीच मान हलवली होती.

हमीसाठी मुदत ठेव अडकवावी लागणार, एवढं आईच्या कानावर गेलं आणि पश्चिम दिशा बंद झाली. ती ठेव आईची होती.

पूर्वेला मणिपुरातून मोरेला जायचं, पूल ओलांडला की म्यानमारमधलं तामू, पुढे थायलंड. नकाशावर हा रस्ता फार गोड दिसतो. पण २०२१ साली म्यानमारमध्ये लष्करानं सत्ता घेतली, तेव्हापासून त्या वाटेला आमच्यासारख्यांनी जाऊ नये हे उत्तम. उत्तरेला चीन. तिथे आपल्या गाडीनं जायचं तर तिथला तात्पुरता परवाना, तात्पुरती नंबरप्लेट आणि सगळा प्रवासभर गाडीत त्यांचा वाटाड्या लागतो. आम्ही चौघं. वाटाड्या बसणार कुठे? "मधे, आईंच्या शेजारी," मेव्हणा म्हणाला. आई म्हणाली, "तो शाकाहारी असेल तर बसू दे." चीनही गेला.

भूतान जवळजवळ ठरलंच होतं. पण तिथे भारतीय माणसाला दर रात्रीचे १,२०० रुपये भरावे लागतात. खोलीचं भाडं वेगळं, हे नुसते त्या देशात रात्र काढल्याचे. चौघांचे रात्रीला ४,८०० झाले. "जागीच राहिले तर?" असं आईनं विचारून पाहिलं.

राहिलं नेपाळ. तिथे आपल्या गाडीला कार्ने लागत नाही, सीमेवर दिवसाप्रमाणे पैसे भरून पावती घ्यायची. आपल्याला व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्र चालतं. आईच्या ओळखपत्रावरचा फोटो तिचा नाही, असं आमचं घरगुती मत आहे, पण निवडणुकीत चालतो तो सीमेवरही चालेल, असं ठरलं. शेजारचे काका म्हणाले, "पासपोर्टवर शिक्का नाही? मग तो कसला परदेश?" मेव्हण्यानं फाईलचं नाव बदललं नाही. 'लंडन'च राहू दिलं. पहिला टप्पा म्हणाला.

विम्याचं एक राहिलं होतं. आपल्या गाडीचा विमा देशापुरताच असतो. थोडा हप्ता जास्त भरला की तो शेजारच्या देशांत वाढवून मिळतो. त्या देशांची यादी वाचण्यासारखी आहे: नेपाळ, भूतान, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीव. मालदीवला मोटारीनं जाणारा जो कोणी विमेदार असेल त्याला माझा नमस्कार.

भाऊबीज ३ नोव्हेंबरला होती. बायकोनं मेव्हण्याला ओवाळलं, त्यानं ओवाळणीत टायरमध्ये हवा भरायचा पंप दिला, आणि जेवून आम्ही निघालो. मुक्काम धुळे, गुना, लखनौ. या पावणेदोन हजार किलोमीटरबद्दल फार सांगण्यासारखं नाही. रस्ते चांगले होते आणि फास्टॅग आमच्या खात्यातून आपलं काम मुकाट्यानं करत होता. डिकीत भाजणी, मेतकूट, गूळ, शेंगदाण्याची चटणी, प्रेशर कुकर आणि साबुदाणा. बायकोचं म्हणणं, परदेशप्रवास महाग होतो तो हॉटेलात जेवल्यामुळे.

६ तारखेला दुपारी सोनौली. कमानीच्या पलीकडे बेलहिया. भन्सार म्हणजे जकात, हा पहिला नेपाळी शब्द आम्ही शिकलो. पाट्या सगळ्या देवनागरीत, त्यामुळे मराठी माणसाला त्या फडाफड वाचता येतात आणि कळत मात्र नाहीत. 'प्रहरी' म्हणजे पोलीस. 'पसल' म्हणजे दुकान. 'खाजा घर' दिसल्यावर मेव्हण्यानं गाडी थांबवायला लावली. त्याला चिरोटे मिळतील असं वाटलं होतं. तिथे खाजा म्हणजे मधल्या वेळचं खाणं, आणि समोर आले मोमो.

डिकी उघडल्यावर जकातीच्या माणसानं भाजणीच्या पाच किलोच्या पिशवीवर बोट ठेवलं.

"यो के हो?"

"हो," आई म्हणाली.

"के हो, आमा?"

"हो हो," आईनं आणखी आदरानं सांगितलं. माणूस मान देऊन 'हो' म्हणतोय, आपणही म्हणावं. शेवटी बायकोनं पिशवी सोडून त्याच्या तळहातावर चिमूटभर भाजणी ठेवली. त्यानं वास घेतला, जिभेला लावली आणि हसून पुढे जायची खूण केली. आमची कागदपत्रं त्यानं बघितलीच नाहीत असं मात्र नाही. आरसी, विमा, पीयूसी, परवाना, सगळं निवांत बघितलं. सात दिवसांचे पैसे भरून पावती घेतली. तिच्यावर शेवटची तारीख होती २७ कार्तिक २०८१.

मेव्हणा पावतीकडे बघतच राहिला. "सत्तावन्न वर्षं आहेत आपल्याकडे," म्हणाला. नेपाळात सरकारी कारभार विक्रम संवतात चालतो, हे त्याला माहीत होतं. विनोद होता. पण या विनोदात कार्तिक महिन्याकडे कोणाचंच लक्ष गेलं नाही.

घड्याळं पंधरा मिनिटं पुढे गेली. आईची रक्तदाबाची गोळी रात्री नऊची. ती आता कुठल्या नऊला घ्यायची, यावर लुंबिनीपर्यंत चर्चा झाली. पैशाचं त्याहून अवघड. आपले १०० म्हणजे त्यांचे १६०, आणि हा दर १९९३पासून हललेला नाही. दुकानदार विचारतो, "आयसी की नेपाली?" आयसी म्हणजे आपले पैसे. मेव्हणा प्रत्येक चहाला मोबाईल काढायचा. आईनं त्याला गाडीत मागे बसून सांगितलं, "पाचानं गुण, आठानं भाग. आमच्या वेळी पावकी-निमकी पाठ होती, म्हणून आम्हांला यंत्र लागत नाही." त्यानंतर दर ठरवायला आईला पुढे करायचं असं ठरलं. खोल्यांच्या भाड्यात निदान दोन हजार वाचले असतील.

बुटवलनंतर घाट सुरू झाला. तानसेनच्या चढावर गाडी दुसऱ्या गिअरवर अशी काही धापा टाकायला लागली की आईनं रामरक्षा सुरू केली, आणि दरड कोसळण्याच्या पाट्या दिसल्यावर पुन्हा पहिल्यापासून. पोखऱ्याला सकाळी खोलीचा पडदा सरकवला तर समोर माछापुच्छ्रे. त्या शिखरावर गिर्यारोहणाला परवानगी नाही. त्याच्याकडे बघत बायकोनं थालीपीठ लावलं. हॉटेलच्या मालकिणीला एक दिलं, तिनं बदल्यात गुंद्रुक, म्हणजे आंबवून वाळवलेली पालेभाजी, दिली. फेवा तलावाबद्दल मी काही लिहीत नाही, त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत.

मेव्हण्याचा सर्वांत हळवा क्षण मुगलिनच्या चहाच्या टपरीवर आला. नेपाळात खासगी गाड्यांच्या लाल पाट्यांवर पांढऱ्या देवनागरी अक्षरांत नंबर असतात. त्याच्या स्कूटरला देवनागरी आकड्यांवरून पुण्यात एकदा दंड झाला होता. इथे सरकारच तसे आकडे लावून देतं, हे बघून त्याचा कंठ दाटून आला. मग आम्ही काठमांडूत शिरलो. २०१७च्या नेपाळी नववर्षापासून तिथे विनाकारण हॉर्न वाजवायला बंदी आहे. पुण्याच्या माणसाला हॉर्न न वाजवता गर्दीतून गाडी काढायला सांगणं म्हणजे हात बांधून वांगी चिरायला सांगण्यासारखं आहे. मेव्हणा चालवत होता. दोन चौकांनंतर तो तोंडानं "पीं पीं" करायला लागला. त्यावर बंदी नाही.

पशुपतिनाथ झालं. ११ तारखेला निघायचं होतं. पण आई कालनिर्णय घेऊन बसली. "उद्या कार्तिकी एकादशी. तिकडे पंढरपूरला गर्दी असेल, आणि मी इथे देवाच्या दारातून उठून जाऊ?" हॉटेलवाल्याकडे चौकशी केली तर नेपाळातही तीच एकादशी. तिथे हरिबोधिनी म्हणतात, आणि शहराच्या उत्तरेला बुढानीलकंठला मोठी जत्रा भरते. पाण्यात शेषावर पहुडलेला काळ्या पाषाणाचा विष्णू. चार महिन्यांची झोप आटोपून त्या दिवशी देव उठतो. पहाटे रांगेत उभे राहिलो. आमच्या पुढच्या आजी नेपाळीत बोलत होत्या, आई मराठीत. दोघींचं काय बोलणं झालं माहीत नाही, पण रांग संपेपर्यंत आजींच्या पिशवीत आमचा शेंगदाण्याचा लाडू होता.

मी पावती काढली. "२७ कार्तिक लिहिलंय. आज किती?"

"आज शुद्ध एकादशी. म्हणजे अकरा," आई म्हणाली. "सत्तावीस म्हणजे वद्य द्वादशी. अजून पंधरवडा आहे."

मेव्हण्यानं आपल्या तक्त्यात बघितलं. ६ तारखेपासून पूर्ण सात दिवस, म्हणजे १३. "घाई नाही," म्हणाला. पंचांग आणि एक्सेल दोन्ही आमच्या बाजूनं होते. साबुदाण्याची खिचडी खाऊन निवांत निघालो. नारायणगढ ते बुटवल रस्त्याचं रुंदीकरण चाललेलं. धुळीत पुढची ट्रक दिसेना, फक्त तिच्या मागे लिहिलेलं 'बिस्तारै', म्हणजे सावकाश, एवढं दिसे. रात्री वाटेतच थांबलो. १३ तारखेला दुपारी बेलहिया.

खिडकीतल्या माणसानं पावती बघितली, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. नेपाळचा कार्तिक सूर्याच्या हिशेबानं चालतो, तिथींच्या नव्हे. तो १७ ऑक्टोबरलाच सुरू झाला होता. एकादशीच्या दिवशीच त्यांची २७ तारीख होती. आईनं खिडकीत तोंड घालून त्याला कालनिर्णय दाखवलं. त्यानं ते आदरानं हातात घेतलं, चार पानं उलटली, आणि दंडाची पावती फाडली.

मेव्हण्यानं ती रक्कम 'अपेक्षित अनपेक्षित' रकान्यात लिहिली. सगळा मिळून सव्वाचार हजार किलोमीटर प्रवास, पेट्रोल तीस हजारांचं, आणि चौघांचा तेरा रात्रींचा एकूण खर्च चौऱ्याहत्तर हजार. काच अजून हातानंच वर येते. तुम्ही गाडी घेऊन निघणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा: आत शिरण्याचा दिवसही मोजतात, आणि कार्तिक त्यांचा वेगळा असतो.