काळं कुठं, राखाडी किती

मायक्रोमीटर नीट न्याहाळून पाहा. भोसरीच्या कुठल्याही टूलरूममध्ये मिळेल. महापालिकेच्या मोरवाडीतल्या आयटीआयमध्ये पोरं त्याच्यावरच हात बसवतात. स्लीव्ह आणि थिंबल राखाडी, मुद्दाम चमक मारलेली. त्यावर बारीक काळ्या रेघा. चकचकीत ठेवलं असतं तर डोक्यावरच्या ट्यूबचा उजेड डोळ्यांत घुसला असता आणि मिलिमीटरचा शंभरावा भाग वाचताना गफलत झाली असती. म्हणून राखाडी पसरलेला, आणि काळा रेघेपुरता. या दोन रंगांची याहून देखणी जोडी मी कुठल्याही इंटिरिअरच्या मासिकात पाहिलेली नाही.

आता मोशी, चिखली, पुनावळे किंवा वाकडमधला कुठलाही सँपल फ्लॅट बघा. चारकोल भिंत, काळ्या चौकटी, गडद राखाडी सोफा, ॲक्रिलिक शटरचं काळं किचन, काळे नळ. ‘ग्रे-ब्लॅक थीम’ म्हणून हे विकलं जातं आणि त्यासाठी माणसं वीस वर्षांचा हप्ता अंगावर घेतात. माझी एकच सूचना आहे. सँपल फ्लॅटमधले सगळे दिवे भर दुपारी चालू असतात, ते बंद करायला सांगा. मग दहा मिनिटं तिथं बसा आणि मगच बुकिंगचा चेक लिहा.

पांढरी भिंत अंगावर पडलेल्या उजेडातला ऐंशी टक्क्यांच्या आसपास परत देते, काळी जेमतेम पाच. मधला राखाडी, म्हणजे फोटोग्राफरच्या ग्रे कार्डाचा, अठरा टक्के. टू-बीएचकेची दुसरी बेडरूम डक्टकडे उघडत असेल तर तिथं आधीच उजेडाची मारामार. त्यात चारकोल भिंत घेतली की शाळकरी पोरानं दिवसा दिवा लावूनच अभ्यास करायचा.

काळ्या नळाचं तर विचारूच नका. उन्हाळ्यात टँकर आणि बोअरचं पाणी आलं की क्षाराचे पांढरे ठिपके पडतात. घासले की कोटिंग जातं, नाही घासले तर नळ कोड आल्यासारखा दिसतो. धुळीचंही तेच. चहूबाजूंनी बांधकामं आणि खोदलेले रस्ते असलेल्या गावात काळं फर्निचर सकाळी पुसलं तरी संध्याकाळी त्यावर बोटानं नाव लिहिता येतं. राखाडी मात्र धूळ पोटात घालतो. म्हणजे या गावाला राखाडीच सोसतो, आणि आपण पैसे मोजतोय काळ्यासाठी.

कारखान्यातल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. मशिनचा बीडाचा सांगाडा राखाडी रंगवलेला असतो. त्यावर दिसतात काळे ॲलन बोल्ट, काळ्या मुठी, काळी हँडव्हील्स. हात जिथं जायला हवा तिथंच काळं. बोल्टचा काळेपणा हा रंगही नव्हे. ब्लॅकोडायझिंगच्या सुमारे १४० अंशांच्या उकळत्या टाकीत पोलादाचा वरचा थर काळा होतो आणि मग त्याला तेल पाजतात. जाडी वाढते जेमतेम मायक्रॉनभर, म्हणून आटे बसतात तसेच बसतात. काळा तिथं मालाचाच असतो, वरून फासलेला नसतो. प्लायवूडवर चिकटवलेल्या काळ्या लॅमिनेटचा कोपरा दोन वर्षांत उडतो आणि आतली भुरकट लाकडी कड दिसू लागते, तेव्हा हा फरक खिशाला कळतो.

घरातही ही जोडी आपल्याला नवी नाही. निगडी-प्राधिकरणातल्या जुन्या घरांत जमिनीला राखाडी शहाबादी फरशी आणि ओट्याला काळा कडप्पा. भिंती चुन्याच्या. राखाडी पायाखाली, काळा कमरेच्या उंचीवर एका पट्ट्यात, वरचं सगळं उजेडासाठी मोकळं. डिझायनरला फी न देता बेत जमला होता. आपला बेसॉल्ट तर दोन्ही रंग एकट्यानं धरतो. आळंदीच्या घाटाची पायरी वैशाखात राखाडी असते, आषाढात भिजून काळी होते. ज्यांना ही जोडी घरात हवीच आहे त्यांनी त्या पायरीकडून एवढं घ्यावं: दोन्हींचा पोत वेगळा ठेवा. राखाडी खडबडीत असेल तर काळा गुळगुळीत, किंवा उलट. दोन्ही सपाट आणि दोन्ही मॅट झाले की खोलीला खोलीच उरत नाही.

कापडातही माप हेच. राखाडी अंगाच्या साडीला काळा काठ शोभतो. काळ्या अंगाला राखाडी काठ दिला तर काठ मळल्यासारखा दिसतो. चंद्रकळा काळी असते, पण तिचा काठ लाल असतो. ती नेसायची संक्रांतीला, थंडीत. काळा ऊन धरतो हे त्या सणाला पक्कं ठाऊक होतं. गाड्यांच्या बाजाराला ते अजून पटलेलं नाही. टाटा मोटर्सनं २०१९ मध्ये हॅरिअरची ‘डार्क’ आवृत्ती काढली, बाहेर काळी आणि आत काळी, आणि तेव्हापासून सगळ्यांनाच तसली एक हवी आहे. अमेरिकेतल्या बर्कली प्रयोगशाळेनं २०११ मध्ये चंदेरी आणि काळी अशा दोन गाड्या उन्हात ठेवून मोजलं होतं. चंदेरीचं छप्पर २५ अंशांपर्यंत थंड निघालं, आतली हवा पाच-सहा अंशांनी. एप्रिलमध्ये तळवड्याच्या उघड्या पार्किंगमध्ये हे आकडे अंगावर येतात.

गाडीतल्या माणसाला निदान एसी असतो. दुचाकीवाल्याचा प्रश्न वेगळा, अंधारात दिसण्याचा. दुसरी पाळी सुटल्यावर चाकणच्या तळेगाव चौकात उभं राहा. राखाडी युनिफॉर्म, वर काळं जॅकेट, काळं हेल्मेट, मॅट ग्रे बाइक, खाली काळा डांबरी रस्ता आणि मागून कंटेनर. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकीचा पुढचा दिवा आपोआप चालू राहतो, ते चांगलंच झालं. पण कंटेनरवाला मागून येतो आणि त्याच्यापुढे मातीनं माखलेला टेललाइट असतो. ऑकलंडमधल्या दुचाकीस्वारांवरचा अभ्यास २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला होता. चकाकणारे किंवा भडक कपडे घालणाऱ्यांचा जखमी होण्याचा धोका ३७ टक्के कमी, आणि काळ्याऐवजी पांढरं हेल्मेट असेल तर २४ टक्के कमी.

युनिफॉर्मचा राखाडी रंग बदलायची गरज नाही. तो मळखाऊ आहे, रुबाबदारही आहे. कंपन्यांनी पुढच्या लॉटपासून पाठीवर आणि दोन्ही बाह्यांवर दोन इंचांची रिफ्लेक्टिव्ह पट्टी शिवून घ्यावी आणि हेल्मेट देणार असाल तर पांढरं द्यावं. कंत्राटी कामगारांनाही तेच, कारण रात्री बाइकवरून घरी जाणाऱ्यांत तेही असतात. युनियननं ही मागणी येत्या करारात लिहून घ्यावी.